लंडन–सिडनी मॅरेथॉन, १९६८

लंडन–सिडनी मॅरेथॉन ही २४ नोव्हेंबर ते १७ डिसेंबर १९६८ या काळात झालेली लांब पल्ल्याची मोटारस्पर्धा होती. लंडनमधील क्रिस्टल पॅलेस येथून निघालेल्या मोटारी युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तानमार्गे भारतात आल्या आणि मुंबईस पोहोचल्या. तेथून त्या ‘चुसान’ या प्रवासी जहाजाने ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रीमँटल बंदरात नेण्यात आल्या व पर्थ ते सिडनी हे अखेरचे अंतर पुन्हा रस्त्याने कापण्यात आले. संपूर्ण रस्तामार्ग सुमारे १६,००० कि.मी. होता. स्पर्धेत ९८ मोटारींनी भाग घेतला. त्यांपैकी ७२ मुंबईपर्यंत आणि ५६ सिडनीपर्यंत पोहोचल्या. स्कॉटलंडचे अँड्र्यू कोवन, त्यांचे सहकारी ब्रायन कॉइल व कॉलिन माल्किन यांनी ‘हिलमन हंटर’ या मध्यम आकाराच्या कौटुंबिक मोटारीतून ही स्पर्धा जिंकली.

मोटारशर्यतींच्या इतिहासात ही स्पर्धा वेगापेक्षा संघांनी केलेल्या पूर्वतयारीसाठी अधिक अभ्यासली जाते. मुंबईत आघाडीवर असलेल्या पहिल्या तीनही मोटारींना सिडनीत पहिल्या तिघांत स्थान मिळाले नाही. त्याची कारणे मोटारींची घडण, चमूतील माणसांची संख्या, विश्रांतीचे नियोजन आणि काही अंशी दैव यांत आढळतात.

## पार्श्वभूमी

लांब अंतराच्या मोटारस्पर्धांची परंपरा विसाव्या शतकाच्या आरंभापासून आढळते. १९०७ मध्ये पेकिंग ते पॅरिस ही स्पर्धा झाली व ती इटलीचे राजपुत्र स्किपिओने बोर्गेझे यांनी ‘इताला’ मोटारीतून जिंकली. युरोपात दोन महायुद्धांच्या दरम्यान आणि त्यानंतर सार्वजनिक रस्त्यांवरून अनेक दिवस चालणाऱ्या स्पर्धा लोकप्रिय होत्या. रस्त्यांवरील रहदारी वाढल्यावर मात्र अशा स्पर्धा चालविणे कठीण झाले. बेल्जियममधील ‘मॅरेथॉन द ला रूत’ ही प्रसिद्ध स्पर्धा १९६५ पासून रस्ता सोडून जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग या बंदिस्त धावमार्गावर गेली आणि तेथे ती सलग ८४ तास चालू लागली.

अशा स्थितीत १९६७ च्या अखेरीस ब्रिटनमधील ‘डेली एक्सप्रेस’ या वृत्तपत्राचे मालक सर मॅक्स एटकेन, त्यांचे सहकारी जोसलिन स्टीव्हन्स व माजी शर्यतपटू टॉमी सॉपविथ यांनी दोन खंडांना जोडणाऱ्या स्पर्धेची कल्पना मांडली. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले होते व ब्रिटनमध्ये निराशेचे वातावरण होते. लोकांचे मनोधैर्य वाढावे आणि ज्या देशांतून मार्ग जातो तेथे ब्रिटिश मोटारींची जाहिरात व्हावी, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. सर फ्रँक पॅकर यांच्या सिडनीतील ‘डेली टेलिग्राफ’ने सहप्रायोजकत्व स्वीकारले. विजेत्यास १०,००० पौंडांचे पारितोषिक जाहीर झाले.

स्पर्धेचे सचिव म्हणून जॅक सीअर्स यांची नेमणूक झाली. १९५८ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश सलून कार अजिंक्यपद स्पर्धेचे ते पहिले विजेते होत. अनुभवी सहचालक टोनी ॲम्ब्रोझ यांच्या साह्याने त्यांनी मार्गाची पाहणी केली.

## मार्ग

मार्गाचा पहिला भाग लंडन, पॅरिस, तुरिन, बेलग्रेड, इस्तंबूल, सिवास, एर्झिंजान, तेहरान, काबूल, सरोबी, दिल्ली व मुंबई असा होता. हे अंतर सुमारे ११,००० कि.मी. होते आणि ते साधारण आठ दिवसांत कापावयाचे होते. युरोपातील टप्पे चांगल्या रस्त्यांवरचे असल्याने तेथे फारसा फरक पडणार नव्हता. खरी कसोटी पुढील दोन टप्प्यांत होती. तुर्कस्तानातील सिवास ते एर्झिंजान हे सुमारे २७० कि.मी.चे डोंगरी, कच्चे अंतर पावणेतीन तासांत पार करावयाचे होते. म्हणजे खडी व चिखलाच्या रस्त्यावर ताशी सुमारे १०० कि.मी. सरासरी राखणे आवश्यक होते. अफगाणिस्तानात काबूल ते सरोबी हे सुमारे ७५ कि.मी. अंतर जुन्या लताबंद खिंडीतून एका तासात कापावयाचे होते.

मुंबईनंतर रस्तामार्गे पूर्वेकडे जाणे शक्य नव्हते. १९६२ च्या लष्करी सत्तांतरानंतर ब्रह्मदेशाने परकीय प्रवाशांसाठी आपला रस्ता जवळजवळ बंद केला होता आणि चीनमधून जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे मुंबई हे रस्त्याचे अखेरचे टोक व जहाजाचे आरंभस्थान ठरले. जहाज ठरलेल्या वेळी सुटणार होते. तोपर्यंत जी मोटार मुंबईत पोहोचणार नाही तिची स्पर्धा तेथेच संपणार होती.

ऑस्ट्रेलियातील भाग पर्थपासून निघून युआनमी, मार्व्हल लॉक, लेक किंग, सेडुना, क्वॉर्न, फ्लिंडर्स पर्वतरांग, मेनिंडी, ओमिओ, नुमेराला व नाउरा अशा ठिकाणांवरून सिडनीजवळील वॉर्विक फार्म येथे संपत होता. आशियातील टप्पे लांब होते, ऑस्ट्रेलियातील टप्पे आखूड पण एकामागून एक येणारे होते. वाळू, खडक, कोरड्या ओढ्यांची पात्रे व रात्री रस्त्यावर येणारी कांगारूसारखी जनावरे यांमुळे हे तीन दिवस अधिक कठीण मानले जात.

## गुणपद्धती

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी नियंत्रण चौकी होती व तेथे पोहोचण्याची वेळ ठरलेली होती. उशिरा पोहोचल्यास प्रत्येक मिनिटास एक दंडगुण लागे. चौकी चुकविल्यास १,४४० दंडगुण, म्हणजे पूर्ण एका दिवसाच्या मिनिटांइतका दंड होता. सर्वांत कमी दंडगुण मिळविणारी मोटार विजयी ठरणार होती. लवकर पोहोचण्याचा कोणताही लाभ गुणांत मिळत नसे; मात्र वाचलेला वेळ दुरुस्तीस, जेवणास व झोपेस वापरता येई. या पद्धतीमुळे संघांपुढे स्पष्ट हिशेब होता. बहुतेक टप्प्यांत वेळेवर पोहोचणे सोपे, थोड्या टप्प्यांत जवळजवळ अशक्य. म्हणून त्या थोड्या टप्प्यांत कमीत कमी मिनिटे गमवावयाची आणि उरलेल्या हजारो किलोमीटरमध्ये मोटार व माणसे सुस्थितीत राखावयाची.

## संघांची तयारी

### मोटारीची निवड

स्पर्धेतील बहुसंख्य मोटारी बाजारात मिळणाऱ्या कौटुंबिक मोटारींवर आधारलेल्या होत्या. निवडीत दोन विचारप्रवाह दिसतात. फोर्डच्या ब्रिटिश विभागाने १,५५८ घनसेंटिमीटरच्या, वेगवान पण नाजूक इंजिनाच्या ‘लोटस कॉर्टिना’ निवडल्या. बीएमसीने ‘१८००’ ही जड, रुंद व अत्यंत मजबूत सांगाड्याची मोटार निवडली. ऑस्ट्रेलियातील फोर्ड कंपनीने मोठ्या आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या तीन ‘फाल्कन जीटी’ पाठविल्या. त्यांची तयारी हॅरी फर्थ यांनी केली. ऑस्ट्रेलियातील बाथर्स्ट येथील लांब पल्ल्याच्या मोटारशर्यतीचे ते अनेकदा विजेते होते व स्वतःही या स्पर्धेत चालक होते. फ्रेंच ‘सित्रोएन डीएस २१’ मध्ये नेहमीच्या स्प्रिंगांऐवजी वायू व तेल यांच्या दाबावर चालणारी झुलयंत्रणा होती. तिच्यामुळे खाचखळग्यांत मोटारीची जमिनीपासूनची उंची वाढविता येत असे. सोव्हिएत संघाने ‘मॉस्कविच ४०८’ जातीच्या चार मोटारी उतरविल्या. त्या वेगात मागे पडल्या, पण चारही सिडनीस पोहोचल्या.

रूट्स समूहाकडे पैसा तुलनेने कमी होता. त्यांनी आपला भर मुख्यतः एकाच ‘हिलमन हंटर’वर ठेवला. डेस ओडेल यांच्या देखरेखीखाली ही मोटार तयार झाली. तिच्या १,७२५ घनसेंटिमीटरच्या इंजिनातून जास्तीत जास्त शक्ती काढण्याऐवजी ते शेवटपर्यंत टिकेल, यावर लक्ष देण्यात आले. याच मोटारीवर आधारित ‘पेकान’ ही मोटार १९६७ पासून इराणमध्ये तयार होऊ लागली होती.

### मार्गपाहणी

मोठ्या कंपन्यांच्या संघांनी स्पर्धेपूर्वी महत्त्वाचे टप्पे प्रत्यक्ष चालवून पाहिले. मार्गपाहणीत वळणे, पुलांची रुंदी, नद्यांचे उतार, पेट्रोलपंपांमधील अंतर, सीमाचौक्या उघडण्याच्या वेळा आणि रस्ता फुटतो ती ठिकाणे यांची नोंद केली जाई. सहचालक या नोंदी वहीत उतरवून घेई व स्पर्धेत त्या मोठ्याने वाचून दाखवी. रात्री, धुळीत किंवा धुक्यात चालकास पुढील वळण दिसत नसते. अशा वेळी त्याचा वेग या वहीवरच अवलंबून असतो. तेहरान ते काबूल या टप्प्यात कॅस्पियन समुद्राच्या बाजूचा व वाळवंटाच्या कडेचा असे दोन मार्ग उपलब्ध होते. कोणता घ्यावा, हा निर्णय पाहणीतील नोंदींवरूनच करावयाचा होता.

खाजगी स्पर्धकांना अशी पाहणी परवडत नसे. ते नकाशे, संयोजकांनी दिलेली माहिती व अनुभवी प्रवाशांच्या सल्ल्यावर विसंबून होते.

### मोटारीतील बदल

लांब पल्ल्याच्या स्पर्धेसाठी मोटार सज्ज करताना तिचे कमकुवत भाग शोधून ते मजबूत करणे हे पहिले काम असते. या प्रकारच्या स्पर्धांत पुढील बदल प्रचलित होते :

- सांगाडा : पत्र्याचे जोड अधिक वेल्डिंग करून पक्के केले जात. झुलयंत्रणा जेथे सांगाड्यास जोडलेली असते तेथे जाड पत्रा लावला जाई, कारण खडबडीत रस्त्यावर तडा प्रथम तेथेच जातो.
- तळाचे संरक्षण : इंजिनाखाली असलेल्या तेलाच्या चेंबरवर दगड आदळून ते फुटल्यास तेल वाहून जाते व काही मिनिटांतच इंजिन जाम होते. म्हणून त्याखाली धातूची भक्कम ढाल बसविली जाई. पेट्रोल व ब्रेकच्या नळ्या शक्य तेथे मोटारीच्या आतून नेल्या जात.
- पेट्रोल : पंपांमधील लांब अंतरामुळे मोठ्या किंवा जादा टाक्या बसवाव्या लागत. पुष्कळ ठिकाणी पेट्रोल हलक्या प्रतीचे मिळे. अशा पेट्रोलवर अधिक दाबाचे इंजिन ठोके देते आणि पिस्टन जळण्याचा धोका असतो. त्यामुळे इंजिनाची शक्ती मुद्दाम थोडी कमी ठेवणे शहाणपणाचे ठरे.
- हवा व थंडावा : धूळ इंजिनात गेल्यास सिलिंडर झिजतात, म्हणून मोठी हवागाळणी लागे. रेडिएटरला कीटक व दगडांपासून वाचविण्यासाठी जाळी लावली जाई.
- दिवे व पुढील कठडा : रात्रीच्या प्रवासासाठी जादा दिवे आणि ऑस्ट्रेलियातील जनावरांशी होणाऱ्या टकरींसाठी नळ्यांचा कठडा बसविला जाई. पोलंडचे सोबिएस्लाव झासादा यांच्या ‘पोर्शे ९११’ भोवती असा पिंजराच उभारलेला होता व तिचे छायाचित्र पुढे प्रसिद्ध झाले.
- आसने : एक आसन मागे पूर्ण कलणारे ठेवून त्यावर पट्टा बांधून झोपण्याची सोय केली जाई.

या प्रत्येक बदलाने मोटारीचे वजन वाढते. वजन वाढले की टायर, ब्रेक व स्प्रिंग यांवरील ताण वाढतो. त्यामुळे काय घ्यावे यापेक्षा काय वगळावे, हा तयारीतील अवघड प्रश्न असतो.

### सुटे भाग आणि दुरुस्ती पथके

मोटारीत स्टेपनी, फॅनबेल्ट, रबरी नळ्या, बल्ब, पाने, जॅक व दोर यांसारखे साहित्य असे. गिअरबॉक्स, डिफरन्शियल (चाकांना शक्ती वाटून देणारा दंतचक्रांचा संच) यांसारखे जड भाग मोठे संघ आधीच निवडक शहरांत पाठवून ठेवत व मेकॅनिक विमानाने पुढे जात. ज्या ठिकाणी विमानतळ नाही तेथे चमूला स्वतःच दुरुस्ती करावी लागे. म्हणून चालकांपैकी किमान एकास यंत्रज्ञान चांगले अवगत असणे आवश्यक मानले जाई.

एकाच कंपनीच्या अनेक मोटारी स्पर्धेत असतील तर मागची मोटार पुढच्या मोटारीचे चालते गोदाम ठरू शकते. फोर्डच्या संघाने या उपायाचा पुढे ऑस्ट्रेलियात प्रत्यक्ष वापर केला.

### चमू आणि झोप

एका मोटारीत दोघे असावेत की तिघे, हा स्पर्धेपूर्वीचा सर्वांत वादाचा विषय होता. दोघांचा चमू असल्यास सुमारे ७५ किलो वजन आणि तितक्याच प्रमाणात सामान वाचते, तसेच झोपण्यास मागील जागा मोकळी राहते. परंतु त्यात एक जण चालवीत असताना दुसऱ्याने नकाशा पाहावयाचा असतो. अवघड टप्प्यात दोघांनाही जागे राहावे लागते आणि झोपेचे कर्ज वाढत जाते. तिघांच्या चमूत चालक, मार्गदर्शक व झोपलेला अशी आळीपाळी लावता येते.

थकव्याचा परिणाम हळूहळू होतो. प्रथम निर्णय मंदावतात, मग वहीतील ओळ चुकते, शेवटी डोळे उघडे असूनही रस्ता दिसेनासा होतो. म्हणून विश्रांतीचे वेळापत्रक हा इंजिनाइतकाच तयारीचा भाग समजला जातो. कोवन यांनी तिघांचा चमू निवडला. फोर्डचे रॉजर क्लार्क व स्वीडनचे ओव्हे आंदर्सोन हे दोघेच निघाले. सित्रोएनमध्येही बेल्जियमचे ल्युसियां बियांकी व फ्रान्सचे जाँ-क्लोद ओजिए असे दोघेच होते.

### कागदपत्रे आणि आरोग्य

अनेक देशांच्या सीमा ओलांडताना पारपत्र, प्रवेशपरवाने, मोटारीवरील जकातीची हमी देणारे ‘कार्ने’ हे कागदपत्र, विमा व निरनिराळ्या देशांचे चलन बरोबर ठेवावे लागे. त्या काळी आंतरराष्ट्रीय प्रवाशांना देवीच्या लशीचे प्रमाणपत्रही दाखवावे लागत असे. एखादा कागद कमी पडल्यास सीमेवर जाणारा वेळ रस्त्यावर भरून काढणे अशक्य होते. पाणी व अन्न यांतून होणारे पोटाचे विकार हाही मोठा धोका होता. त्यामुळे बाटलीबंद पाणी, कोरडे खाद्यपदार्थ व औषधे यांची तजवीज करावी लागे.

## लंडन ते मुंबई

२४ नोव्हेंबरला निघालेल्या मोटारींत कंपन्यांच्या अद्ययावत मोटारींबरोबर हौशी मंडळींच्या मोटारीही होत्या. त्यांत १९३० सालची एक ‘बेंटली’सुद्धा होती. युरोपातील प्रवास बहुतेकांना निर्विघ्न गेला. सिवास ते एर्झिंजान या टप्प्यात क्लार्क व आंदर्सोन यांनी सर्वांत कमी, म्हणजे केवळ ६ मिनिटे गमावली व ते आघाडीवर आले.

आयर्लंडच्या चालक रोझमेरी स्मिथ आणि त्यांच्या सहकारी लुसेत प्वांते यांची ‘लोटस कॉर्टिना’ इंजिन नादुरुस्त झाल्याने खैबर खिंडीचा चढ चढेना. मोटारीत मागे जाण्याचा गिअर सर्वांत अधिक ओढ देणारा असतो, हे जाणून स्मिथ यांनी मोटार उलटी फिरवून चढ पार केला. त्यांनी पुढे सिडनीपर्यंतची स्पर्धाही पूर्ण केली. यंत्राचे ज्ञान चालकास का हवे, याचे हे उदाहरण वारंवार दिले जाते.

पाकिस्तान व भारतात रस्त्याच्या दुतर्फा प्रचंड गर्दी लोटली होती. येथे रस्ता बरा असला तरी माणसे, गुरे, बैलगाड्या व सायकली यांतून वाट काढणे हे चालकांपुढील नवे आव्हान होते. दिल्ली ते मुंबई हा अखेरचा टप्पा सुमारे १,४०० कि.मी.चा होता. डिसेंबरच्या आरंभी मोटारी मुंबईत दाखल झाल्या.

## मुंबईतील स्थिती

मुंबईत क्लार्क व आंदर्सोन पहिले, जर्मन ‘फोर्ड २० एम’मधील जिल्बेर स्टापलार व सिमो लॅम्पिनेन दुसरे आणि बियांकी व ओजिए तिसरे होते. हे तिन्ही चमू दोघांचे होते. कोवन यांची हंटर त्यांच्या मागे होती. तिने कोणत्याही टप्प्यात विशेष चमक दाखविली नव्हती, परंतु तिला मोठी दुखापतही झालेली नव्हती.

पीअँडओ कंपनीचे ‘चुसान’ हे १९५० मध्ये सेवेत आलेले सुमारे २४,००० टनांचे जहाज मोटारी व स्पर्धकांना घेऊन ५ डिसेंबर रोजी मुंबई बंदरातून निघाले व १३ डिसेंबर रोजी फ्रीमँटलला पोहोचले. या आठवड्याभराच्या समुद्रप्रवासाने माणसांना विश्रांती मिळाली. आठ दिवसांचे जागरण भरून निघाल्याने दोघांच्या व तिघांच्या चमूंतील अंतर काही काळ पुसले गेले. यंत्रांचे तसे नव्हते. आशियातील रस्त्यांनी झिजलेले पिस्टन, बेअरिंग व दंतचक्रे झिजलेल्या स्थितीतच पर्थला उतरली.

## पर्थ ते सिडनी

१४ डिसेंबर रोजी सायंकाळी पर्थ येथून स्पर्धा पुन्हा सुरू झाली. आघाडीवरील क्लार्क यांच्या मोटारीचे इंजिन वाटेत बिघडले. संघातील एरिक जॅक्सन व केन चेंबर्स यांच्या कॉर्टिनाचे सिलिंडर हेड काढून ते क्लार्क यांच्या मोटारीस बसविण्यात आले. सहकाऱ्यांनी आपली संधी त्यासाठी सोडली. पुढे क्लार्क यांचे डिफरन्शियल मोडले. तेव्हा रस्त्यावर भेटलेल्या एका कॉर्टिनाच्या मालकाची मनधरणी करून त्याच्या मोटारीचा तो भाग विकत घेण्यात आला. या दोन्ही दुरुस्त्यांत वेळ गेला व क्लार्क अखेर दहावे आले. लॅम्पिनेन व स्टापलार यांची मोटारही बिघाडामुळे मागे पडली.

त्यानंतर बियांकी व ओजिए यांची सित्रोएन आघाडीवर आली व शेवटच्या दिवसापर्यंत तेथेच राहिली. सिडनी सुमारे दीडशे कि.मी.वर असताना नाउराजवळ समोरून आलेल्या एका खाजगी ‘मिनी’शी तिची जोरदार टक्कर झाली. बियांकी गंभीर जखमी झाले. त्यांच्यामागून येणारे पॅडी हॉपकर्क व त्यांचे सहकारी आपली मोटार थांबवून मदतीस धावले. हॉपकर्क यांच्या या कृतीचा स्पर्धेच्या जवळजवळ प्रत्येक वर्णनात आदराने उल्लेख येतो.

## निकाल

| क्रम | चमू | मोटार | दंडगुण |
|---|---|---|---|
| १ | अँड्र्यू कोवन, ब्रायन कॉइल, कॉलिन माल्किन | हिलमन हंटर | ५० |
| २ | पॅडी हॉपकर्क, टोनी नॅश, ॲलेक पूल | बीएमसी १८०० | ५६ |
| ३ | इयन वॉन, रॉबर्ट फोर्सिथ, जॅक एलिस | फोर्ड फाल्कन जीटी | ६२ |
| ४ | सोबिएस्लाव झासादा, मारेक वाखोव्स्की | पोर्शे ९११ | ६३ |
| ५ | राउनो आल्टोनेन, हेन्री लिडन, पॉल ईस्टर | बीएमसी १८०० | ६८ |

संघांचे पारितोषिक ऑस्ट्रेलियाच्या फोर्ड फाल्कन संघास मिळाले. त्यांच्या तीनही मोटारी पहिल्या आठांत होत्या.

## तयारीच्या दृष्टीने मूल्यमापन

सुमारे १६,००० कि.मी. अंतरात विजेत्याने एकूण ५० मिनिटे गमावली आणि पहिल्या दोघांतील फरक अवघा ६ मिनिटांचा होता. एक टायर बदलण्यास किंवा एक वळण चुकण्यास लागणाऱ्या वेळेइतकेच हे अंतर आहे. त्यामुळे कोणत्या संघाने किती वेगाने मोटार हाकली, याइतकेच कोणी किती चुका टाळल्या याला महत्त्व आले.

मुंबईतील पहिले तीन चमू दोघांचे होते, तर सिडनीतील पहिले तीन चमू तिघांचे. पहिल्या पाचांपैकी चार मोटारींत तीन माणसे होती. यावरून तिघांचाच चमू श्रेष्ठ असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. झासादा व वाखोव्स्की दोघेच असून चौथे आले, आणि सित्रोएनची अखेर बिघाडाने न होता अपघाताने झाली. क्लार्क यांची पीछेहाट चमूच्या थकव्यामुळे झाली नसून इंजिन व डिफरन्शियल यांच्या बिघाडामुळे झाली. तथापि तिसऱ्या माणसाच्या वजनाने मोटारीचे जे नुकसान होईल असे अनेकांस वाटत होते, ते निर्णायक ठरले नाही, हे निकालावरून स्पष्ट होते. कमी ताणावर चालविलेले इंजिन, मजबूत सांगाडा व झोप मिळालेले चालक ही त्रयी अधिक उपयोगी पडली.

बंदिस्त धावमार्गावरील लांब पल्ल्याच्या शर्यतींनाही हेच तत्त्व लागू होते. न्युर्बुर्गरिंग किंवा बाथर्स्ट येथे मोटार दर काही मिनिटांनी संघाच्या दुरुस्तीकक्षासमोरून जाते, त्यामुळे मदत जवळ असते. तरीही चालकांची आळीपाळी, ब्रेक व टायर जपणे, इंधनाचा हिशेब आणि दुरुस्तीस सोपी पडेल अशी घडण यांवरच तेथील निकाल अवलंबून असतो. दोन्ही प्रकारांत मुख्य फरक मदतीच्या अंतराचा आहे.

## नंतरचा काळ

ल्युसियां बियांकी यांनी सप्टेंबर १९६८ मध्ये ल माँ येथील २४ तासांची शर्यत जिंकली होती. नाउराच्या अपघातातून ते वाचले. परंतु ३० मार्च १९६९ रोजी ल माँ येथे सराव करताना झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. विजेत्या चमूनंतर दुसऱ्या आलेल्या मोटारीतील ॲलेक पूल हे १९६९ चे ब्रिटिश सलून कार विजेते ठरले.

मॅरेथॉनच्या यशामुळे १९७० मध्ये लंडन ते मेक्सिको ही विश्वचषक रॅली भरविण्यात आली. ती हानू मिकोला व गुनार पाल्म यांनी ‘फोर्ड एस्कॉर्ट’मधून जिंकली. १९७७ मध्ये लंडन–सिडनी स्पर्धा पुन्हा झाली. या वेळी मोटारी मद्रासहून जहाजाने पेनांगला गेल्या. ही स्पर्धाही अँड्र्यू कोवन यांनीच, ‘मर्सिडीज २८० ई’मधून जिंकली.

१९७९ मधील इराणची क्रांती व त्याच वर्षाअखेर अफगाणिस्तानात आलेले सोव्हिएत सैन्य यांमुळे युरोपातून भारतात येणारा हा रस्ता स्पर्धांसाठी व सामान्य प्रवाशांसाठी जवळजवळ बंद झाला. १९६८ मध्ये सिवास, काबूल व लताबंद खिंड ही नावे मोटारस्पर्धेच्या वेळापत्रकातील चौक्या होत्या. पुढील पिढीस त्यांपैकी काही नावे युद्धवार्तांतूनच परिचित झाली.

भारतात लांब पल्ल्याच्या मोटारस्पर्धांची परंपरा वेगळ्या रूपात पुढे चालू राहिली. नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू झाली व ती त्या दशकभर चालली. १९८८ पासून राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धा भरविली जाऊ लागली. महाराष्ट्रात नाशिक परिसर अशा स्पर्धांचे केंद्र म्हणून ओळखला जातो.